पायी एटापल्ली

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत वाढलेलं माणूस नागपूर-पुण्याकडून गावी निघतं, तेव्हा आलापल्लीच्या पुढचे तिसेक किलोमीटर त्याला सर्वांत लांब वाटतात. गावात पोचल्यावर मात्र त्यानं गाडीत बसू नये. सकाळी, तेही उजाडायच्या आत, पायी निघावं.

मार्च-एप्रिल असला, तर मोहाखाली वाकलेली माणसं आधी दिसतात. मोहाची फुलं पहाटेपासून टपटपतात. ती जनावरांच्या तोंडी जायच्या आत वेचायची, म्हणून घरंच्या घरं टोपल्या घेऊन अंधारातच बाहेर पडतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा कुणी झाडतं, कुणी जाळतं. हीच आग कधी जंगलात पसरते. लहानपणी ज्याला त्या धुराचा फक्त वास आवडायचा, तो आता काळे पडलेले बुंधे पाहून थबकतो. दुपारी तीच फुलं अंगणात वाळत असतात. पिवळट फूल उन्हानं तांबूस होतं आणि मनुक्यासारखं सुरकुततं. शहरात मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. ज्या घरांनी धान्य संपल्यावरचे दिवस याच फुलांवर काढले, त्यांच्यावर हा सरळ अन्याय आहे.

मे महिन्यात गावाचं रूप बदलतं. तेंदूची पानं तोडून आणलेली असतात आणि ओसरीवर सगळं घर पुडकी बांधायला बसतं. पुडक्याला 70 पानं, एक कमी नाही. मग ती फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर न्यायची, मोजून द्यायची, उन्हात मांडायची. पूर्वी हा सगळा व्यवहार ठेकेदाराच्या शब्दावर चाले. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. परत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना फळी तीच दिसते. तिथला हिशेब कोण ठेवतं, हे मात्र थांबून विचारावं लागतं.

बाजारात माडिया, मराठी आणि तेलुगू एकाच पालाखाली ऐकू येतात. एखादी म्हातारी वर बघून विचारते, “कोनाचा पोरगा होस गा?” बापाचं नाव सांगितलं की ओळख पटते, स्वतःचं सांगून काही उपयोग नसतो. जुनी माणसं अजून चंद्रपूरला चांदा म्हणतात. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यापासून वेगळा झाला, पण बोलण्यातला जिल्हा इतक्या लवकर बदलत नाही.

आणि मग रस्ता.

सुरजागडचा डोंगर याच तालुक्यात. तिथे ठाकुरदेवाचं स्थान आहे, जानेवारीच्या सुरुवातीला जत्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे, आणि ते वाहून नेणारे अवजड ट्रक एटापल्ली-आलापल्लीच्या वाटेनं धावू लागले. खाणीमुळे काही हातांना काम मिळालं, हे खरंच. पण ज्या कडेनं पोरं दप्तर घेऊन रमतगमत शाळेत जायची, तिथे ट्रकचा आवाज आला की आज माणूस खाली उतरून झुडपात उभा राहतो. झाडांच्या पानांवर लाल धूळ बसलेली असते. गाडीतून जाणाऱ्याला ही धूळ दिसते. पायी जाणाऱ्याच्या ती घशात जाते.

या भागात आजही कितीतरी माणसं पायीच बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जातात. म्हणून रस्ते आखणाऱ्यांना एकच विनंती आहे: डांबर कितीही रुंद करा, पण डोक्यावर मोहाची टोपली घेतलेली बाई ट्रकला न घाबरता चालू शकेल, एवढी जागा कडेला ठेवा.