अंधत्वाचा खर्च कोणाच्या नावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अंधांचा प्रश्न राजकीय पक्षांच्या व्यासपीठावर येतो तो बहुधा दयेच्या वाटेने. पुढाऱ्याचा वाढदिवस असतो, मांडव पडतो, नेत्रतपासणी होते, चष्मेवाटप होते, छायाचित्रे निघतात. त्यातून काही गरजूंना चष्मा मिळतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याची दृष्टी गेली आणि परत येणार नाही, त्याचे घर पुढची वीस-तीस वर्षे कसे चालते, हे त्या मांडवात कोणी विचारीत नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे. हिशेब कोणाच्या नावे लिहिला जातो हा तर समाजवाद्यांचा जुनाच प्रश्न.

दृष्टी जाण्यालाही वर्ग असतो. २०१५ ते २०१९ या काळात देशात जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २ टक्के लोक अंध आढळले, आणि त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले होते. म्हणजे जे एका छोट्या शस्त्रक्रियेने दूर व्हावे असे. अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होतात. तरीही ही स्थिती आहे. निरक्षरांमध्ये अंधत्वाचे प्रमाण शिकलेल्यांच्या कितीतरी पटीने अधिक आढळले, यात सारे आले. शस्त्रक्रिया फुकट असते, पण तिथवर जाणे फुकट नसते. म्हाताऱ्या आईला तालुक्याला न्यायचे तर मुलाची मजुरी बुडते, आणि सुगीच्या दिवसांत ती बुडवणे परवडत नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ असे म्हणता म्हणता दोन दिवाळ्या जातात.

मोतीबिंदूचे निदान निभावते. काचबिंदूचे तसे नाही. समजा, इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमाग कामगाराला पंचेचाळिशीत काचबिंदू झाला. हा रोग बहुधा दुखत नाही. तो नजरेच्या कडा आधी खातो. समोरचे स्वच्छ दिसत राहते, म्हणून माणूस गाफील राहतो. ध्यानात येते तेव्हा गेलेली दृष्टी परत मिळविण्याचा उपाय वैद्यकापाशी नसतो. उरलेली टिकवण्यासाठी बहुधा जन्मभर रोज डोळ्यांत औषधाचे थेंब घालावे लागतात. घरात पैशाची ओढाताण झाली की खर्चाला कात्री लागते ती प्रथम या बाटलीला. कारण उघड आहे: दूध बंद केले तर मूल रडते, थेंब बंद केले तर उद्या कुठेच काही दुखत नाही. मग एके दिवशी ताण्याचा तुटलेला धागा दिसेनासा होतो, कापडात दोष निघू लागतात, मीटरमागे मिळणारी मजुरी घटते, आणि अखेरीस मालक दुसरा माणूस ठेवतो.

हा झाला मिळकतीचा तोटा. तो सर्वांना दिसतो. पण त्याच्या मागून दुसरा तोटा चालत येतो, तो बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. या माणसाला आता दवाखान्यात जायचे तर दोन तिकिटे लागतात. रेशन आणायला, दाखला काढायला, बँकेत जायला कोणीतरी सोबत लागते, आणि त्या सोबतीचा रोज बुडतो. घर बदलायचे तर स्वस्त पण दूरची खोली चालत नाही. रस्त्यालगतची, परिचित वाटेवरची, महागडी घ्यावी लागते. म्हणजे शेजाऱ्याच्या आणि त्याच्या हाती सारखेच रुपये आले, तरी त्याच्या रुपयाला कमी वस्तू मिळते.

अमर्त्य सेन यांनी या दोन तोट्यांत नेमका भेद केला आहे: कमाईतील अडचण वेगळी, आणि कमाईचे जीवनमानात रूपांतर करण्यातील अडचण वेगळी. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या ग्रंथात त्यांनी वीबके कुक्लिस या संशोधक महिलेने ब्रिटनसंबंधी काढलेले आकडे दिले आहेत. तेथे १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत होते. अपंग व्यक्ती असलेली कुटुंबे तेवढी घेतली, तर प्रमाण २३.१ टक्के. आणि अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च हिशेबात धरला, तर ते ४७.४ टक्क्यांवर गेले. कल्याणकारी राज्याची इतकी जुनी परंपरा असलेल्या देशात अशा कुटुंबांची जवळजवळ निम्मी गरिबी केवळ मोजण्याच्या पद्धतीमुळे अदृश्य राहत होती! आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालील याद्या करणाऱ्याने घरात कोणी अंध आहे म्हणून त्या घराची रेषा वर सरकवली, असे कोठे ऐकिवात नाही.

जादा खर्च शासनाला ठाऊकच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. रेल्वेला तो ठाऊक आहे. पूर्णतः अंध प्रवाशाला दुसऱ्या वर्गात भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, आणि त्याच्या सोबत्यालाही तितकीच मिळते. अंधाचा प्रवास हा दोघांचा प्रवास असतो, हे तत्त्व त्या तिकीटखिडकीवर मान्य झालेले आहे. खिडकी सोडून बाहेर आले की ते संपते.

केंद्राचे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन पहा. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवे आणि अपंगत्व ८० टक्के हवे. अन्य कायद्यांच्या सवलतींना ४० टक्के पुरतात, इथे दुप्पट. इतके सारे सिद्ध केल्यावर ऐंशी वर्षांखालील व्यक्तीमागे केंद्र दरमहा देते ३०० रुपये. ही रक्कम २०१२ पासून हललेली नाही. बाजारभाव काय झाले ते सांगायला नको. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ मध्ये १,५०० आणि दिव्यांगांपुरती २०२५ मध्ये २,५०० करण्यात आली. या वाढीचे स्वागत केलेच पाहिजे. पण ती कशी झाली तेही लक्षात ठेवले पाहिजे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा म्हणतो की, दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा निदान २५ टक्के अधिक असावे. कायदा असतानाही २०२३ मध्ये डोळस निराधार आणि अंध निराधार यांच्या हाती सारखेच १,५०० रुपये पडत होते. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ताही लिहून ठेवला आहे. मात्र कलमाच्या आरंभीच ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पाचर आहे. ही पाचर नवी नव्हे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदातही ती आहे. १९५० ते २०१६ या सहासष्ट वर्षांत राज्याची कुवत वाढली, पाचर होती तेथेच राहिली.

या तुटीची भरपाई घर करते, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. अंध सासऱ्याचा हात धरून फिरणारी सून, आंधळ्या आजीपाशी बसवण्यासाठी शाळेतून काढलेली नात, यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही मस्टरवर नाही. सोबत्याला भत्ता मागणे ही म्हणूनच मजुरीची मागणी आहे. आणि दृष्टी बाईचीच गेली तर? तिचा हात धरायला घरातले किती पुरुष रोज बुडवतात, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी पाहावे.

पैशात न मांडता येणारेही बरेच असते. आलेले पत्र दुसऱ्याने वाचायचे, बँकेतली शिल्लक दुसऱ्याला कळायची, मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक दुसऱ्याने सांगायचा; प्रौढ माणसाला खासगी असे काही उरत नाही. नोटांचे उदाहरण घ्या. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, जुनी पाचशेची १६७. बोटांना दहा मिलिमीटरचा फरक कळत असे. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे या नोटांची लांबी १४२, १४६ आणि १५० अशी आहे, रुंदी सर्वांची ६६. फरक उरला चार मिलिमीटरचा. नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, पण नोट मळली की त्या बोटांना लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखणारे मोबाइल-साधन काढले, म्हणजे लोकलच्या डब्यात खेळणी विकणाऱ्याने गर्दीत एका हाताने दांडी धरावी, दुसऱ्याने नोट आणि तिसऱ्याने फोन! कोणी वाईट हेतूने हे केले असे नव्हे. ठरवताना त्या विक्रेत्याला विचारले असते तर चार मिलिमीटरवर काम भागले नसते.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी व्यापारी साधने सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे साधन सुरू केले आणि ते सर्वांना विनामूल्य, खुले ठेवले. त्यातून आज मराठीही ऐकता येते. ज्यांना गरज होती त्यांनीच निर्माण केले, आणि मालकी सर्वांची ठेवली. समाजवादाची व्याख्या शोधत फिरणाऱ्यांनी इकडेही पाहायला हरकत नाही.

आता शाखांनी काय करायचे ते. जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढायला लागणाऱ्या खेपा कमी होतील अशी सोबत कार्यकर्ता देऊ शकतो. दोन दिवसांची मजुरी वाचली तरी त्या घराला ती मोठी असते. एक डोळा गेलेल्या कामगाराची गणना ३० टक्क्यांवर होते आणि तो ४० च्या उंबरठ्याबाहेर राहतो. असे कामगार कारखान्यातील अपघाताचे बळी असतील तर कामगार भरपाईच्या कायद्याखाली त्यांचे दावे दाखल झाले की नाही, हे युनियनने तपासावे. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे की, गेल्या वर्षी ती रक्कम किती होती, कोणाकोणाला मिळाली, आणि त्यांची नावे फलकावर का नाहीत.