तवांगच्या वाटेवर : सीमा पाहताना काय पाहावे?

(एका वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘सीमावर्ती प्रदेशातील मोटारप्रवास’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी थोडा संकोचलो. प्रवासवर्णन म्हटले की हिमशिखरे, ढग आणि वळणावळणाचे रस्ते ओघाने येतात. ते सारे तवांगच्या वाटेवर भरभरून आहे. परंतु ते छायाचित्रांतही पाहता येते. माझ्या पत्रकारितेच्या आयुष्यात मी या वाटेने दोनदा गेलो. पहिल्यांदा 2018 च्या एप्रिलमध्ये आणि दुसऱ्यांदा 2024 च्या नोव्हेंबरमध्ये. या दोन प्रवासांत मला जे दिसले आणि माझ्याच तोंडून जे निसटले, ते आज आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम वाट समजून घेऊ. आसामातील तेजपूरहून तवांग सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मैदानी रस्त्यावर हे अंतर अर्ध्या दिवसाचे. येथे शहाणा माणूस दोन दिवस धरतो आणि मध्ये बोमडिला किंवा दिरांगला मुक्काम करतो. भालुकपोंगला कामेंग नदीच्या काठी अरुणाचलचे प्रवेशद्वार लागते. तेथे ‘इनर लाइन परमिट’ दाखवावे लागते. या परवान्याचे मूळ 1873 च्या इंग्रजी कायद्यात आहे. आपल्याच देशात फिरायला परवाना कशाला, असा प्रश्न आमच्या गाडीतही निघाला. पण स्थानिक लोकांशी बोलल्यावर कळले, की आपली जमीन आणि आपली लोकसंख्या यांच्या रक्षणासाठी त्यांना ही व्यवस्था हवी आहे. आपल्या गैरसोयीपेक्षा त्यांची काळजी मोठी, हे ध्यानात घेऊनच पुढे जावे.

भालुकपोंगनंतर चढ सुरू होतो. नेचिफूचे धुके, टेंगा खोऱ्यातील सैन्याच्या वसाहती, बोमडिला, दिरांग आणि मग 13,700 फुटांवरील सेला खिंड. रस्त्याच्या कडेला ‘वर्तक’ या नावाच्या पाट्या पुन्हा पुन्हा दिसतात. आमच्यातील एका वसईकर मित्राने मोठ्या आनंदाने विचारले, “हे आपल्याकडचे कोण वर्तक?” चालक हसला. सीमा रस्ते संघटना 1960 च्या मे महिन्यात स्थापन झाली आणि त्याच वर्षी या भागासाठी तिचा ‘टस्कर’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. पुढे त्याचेच नाव ‘वर्तक’ झाले. हातात फावडे, डोक्याला रुमाल आणि पाठीवर तान्हे मूल अशा अवस्थेत खडी पसरणाऱ्या मजूर स्त्रिया ज्याने तेथे पाहिल्या, तो या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल पुन्हा तक्रार करीत नाही.

या प्रदेशातील प्रवासाचे काही नियम आहेत. कुठे लिहिलेले, कुठे न लिहिलेले. लष्कराच्या गाड्यांचा ताफा समोरून आला की आपली गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबायचे. पूल, चौक्या, तळ यांची छायाचित्रे घ्यायची नाहीत. पहाटे निघायचे, कारण पूर्वेकडे सूर्य लवकर उगवतो तसा लवकर मावळतोही. हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो. उंचीवर धावपळ करायची नाही. आणि जवानाने थांबवले तर ‘मी पत्रकार आहे’ असे सांगून वाद घालायचा नाही. हा शेवटचा नियम मी स्वानुभवाने शिकलो.

2018 मध्ये सेलाच्या अलीकडे आमची गाडी बर्फात अडकली. पुढे-मागे तीसेक वाहने उभी होती. साडेतीन तासांनी संघटनेचा डोझर आला आणि वाट मोकळी झाली. मधल्या वेळात जवळच्या चौकीतील जवानांनी आम्हाला चहा दिला. त्यांपैकी एक आपल्या सातारा जिल्ह्यातला निघाला. “गावाकडे पाऊस कसा आहे?” हा त्याचा पहिला प्रश्न. एप्रिल महिना होता, पाऊस कुठला? पण कोणी मराठी बोलणारे भेटले, की गावाची चौकशी करायची एवढेच त्याच्या मनात होते. त्या साडेतीन तासांत मला 1962 जितके समजले, तितके पुस्तकांतून समजले नव्हते. एक डोझर उशिरा आला, तर तीस वाहने थिजतात. मग जेथे रस्ताच नव्हता, तेथे ब्रिगेडचे काय झाले असेल?

इतिहास आपणास ठाऊक आहे. तरी क्रम सांगतो. 1914 च्या सिमला परिषदेत मॅकमहोन रेषा आखली गेली. परंतु तवांगमध्ये भारताचे प्रशासन प्रत्यक्ष प्रस्थापित झाले ते 1951 च्या फेब्रुवारीत. ते काम केले मणिपूरचे सुपुत्र मेजर बॉब खाथिंग यांनी, आसाम रायफल्सची एक छोटी तुकडी घेऊन. ईशान्येच्या एका माणसाने ईशान्येचा हा कोपरा देशाच्या कारभारात आणला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत ठळकपणे यायला हवी. 1959 च्या मार्चअखेर दलाई लामा तिबेटमधून निसटून याच भागातून भारतात आले आणि तवांग, बोमडिला करीत एप्रिलमध्ये तेजपूरला पोहोचले.

20 ऑक्टोबर 1962 रोजी चिनी सैन्याने नामका-चू नदीच्या काठी आक्रमण केले. तेथवर गाडीरस्ता नव्हता. जवान पायवाटेने गेले होते. अनेकांच्या अंगावर सुती गणवेश होते. दारूगोळा आणि शिधा विमानातून टाकला जाई आणि त्यातला बराच दऱ्यांत हरवे. 23 ऑक्टोबरला बुमलाच्या वाटेवर पहिल्या शीख पलटणीचे सुभेदार जोगिंदर सिंग आपल्या मूठभर जवानांनिशी लढले. ते जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती पडले आणि कैदेतच मृत्यू पावले. त्यांना परमवीर चक्र मिळाले. 17 नोव्हेंबरला नुरानांगला चौथ्या गढवाल रायफल्सने हल्ल्यामागून हल्ले परतवले. त्यात कामी आलेले रायफलमन जसवंत सिंग रावत यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्या स्मारकात आजही त्यांचे अंथरूण घातले जाते, चहा ठेवला जातो. त्यांच्या लढाईच्या अनेक कथा त्या वाटेवर सांगितल्या जातात. कथा किती खरी आणि किती वाढलेली, याची चिकित्सा इतिहासकार करोत. तेथून जाणारी गाडी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. तवांगच्या युद्धस्मारकावर 2,420 नावे कोरलेली आहेत. ती नावे भारताच्या सर्व प्रांतांतली आहेत.

यात शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती रस्त्यांची, तयारीची आणि दिल्लीच्या दृष्टीची. सेलाची भक्कम जागा सोडली गेली, बोमडिला पडले, आणि तेजपूर शहर रिकामे झाले. तेथे चलनी नोटा जाळल्या गेल्या, मनोरुग्णालयातील रुग्णांना मोकळे सोडण्यात आले. पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून आसामच्या जनतेबद्दल सहानुभूती व्यक्त केली. ती आसामी माणसाला निरोपासारखी ऐकू आली, आणि ती सल तेथील जुन्या पिढीने कधी विसरली नाही. पुढेही अनेक वर्षे सीमेजवळ रस्ते नसलेलेच बरे, रस्ते बांधले तर शत्रूच त्यांवरून आत येईल, असा विचार चालू राहिला. अविकसित सीमा अधिक सुरक्षित हे आपले जुने धोरण होते, असे 2013 मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनीच लोकसभेत मान्य केले. ज्या गावात आपला रस्ता जात नाही, त्या गावातील माणूस आपला कसा राहावा, हा प्रश्न त्या धोरणात कोणी विचारलाच नाही.

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

सेला उतरल्यावर जांग गाव लागते. तेथे एका मोनपा आजीबाईंचे चहाचे छोटे दुकान होते. थंडीने काकडलेलो आम्ही शेकोटीभोवती बसलो. लोणी-मिठाचा चहा आमच्या जिभेला मानवेना, हे पाहून त्यांनी हसत हसत साखरेचा करून दिला. फडताळात बिस्किटे, साबण, तेलाच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. मी सहज हिंदीत विचारले, “आजी, भारतातून इथे माल किती दिवसांनी येतो?”

आजीबाईंनी चहाचे भांडे खाली ठेवले. त्या शांतपणे म्हणाल्या, “माल तेजपूरहून येतो, बेटा. भारतातून कुठून यायचा? तू भारतातच बसला आहेस.”

मित्रहो, मी तीस वर्षे लेखणी चालवली होती. सीमाप्रश्नावर अग्रलेख लिहिले होते. आणि माझ्याच जिभेने सीमारेषा तेजपूरला आणून ठेवली! मी क्षमा मागितली. त्यांनी मनात ठेवले नाही. त्या बोलू लागल्या. 1962 मध्ये त्या नऊ वर्षांच्या होत्या. आईचे बोट धरून, एक लहान भाऊ पाठीशी बांधून, त्या चालत आसामात उतरल्या. कित्येक दिवस चालणे, मग छावणी. परत आल्या तेव्हा घर होते, पण गुरे नव्हती. “चिनी लोक आमच्याशी गोड बोलत असत, असे मागे राहिलेले सांगत,” त्या म्हणाल्या. “पण आम्ही भारताकडे चालत गेलो होतो. चीनकडे नाही.”

हे वाक्य मी वहीत टिपून घेतले. चीन या प्रदेशाला स्वतःचे नाव देतो. 2017 मध्ये त्याने अरुणाचलमधील 6 ठिकाणांना चिनी नावे जाहीर केली, 2021 मध्ये 15, 2023 मध्ये 11, 2024 मध्ये 30 आणि 2025 मध्ये 27. अरुणाचलच्या खेळाडूंना तो सुटा कागद टाचलेला व्हिसा देतो. 2023 मध्ये वुशूच्या तीन खेळाडूंची वाट त्यामुळे अडली. 9 डिसेंबर 2022 रोजी यांगत्से येथे दोन्ही सैन्यांत झटापटही झाली. आपण या साऱ्याचा निषेध करतो आणि तो केलाच पाहिजे. पण नऊ वर्षांची मुलगी कोणत्या दिशेने चालत गेली, याहून मोठा पुरावा कोणत्याही नकाशात नाही. आणि त्या पुराव्याला ‘भारतातून’ असा एक शब्द वापरून मी धक्का लावला होता.

2024 च्या नोव्हेंबरात मी पुन्हा गेलो. वाट ओळखू येत नव्हती. नेचिफूचा 500 मीटरचा बोगदा 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला होता. सेलाखालून जाणाऱ्या मार्गावर दोन बोगदे आहेत. एक सुमारे एक किलोमीटरचा, दुसरा दीड किलोमीटरहून थोडा मोठा. त्यांची पायाभरणी 2019 च्या फेब्रुवारीत आणि लोकार्पण 9 मार्च 2024 रोजी झाले. जेथे आम्ही साडेतीन तास अडकलो होतो, तो भाग काही मिनिटांत मागे पडला. रुग्णवाहिका जाते, भाजीपाला जातो, रणगाडाही जाऊ शकतो. 2023 मध्ये सीमावर्ती गावांसाठी ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजनाही आली. शेवटचे गाव नव्हे, देशाचे पहिले गाव, ही त्यामागची भाषा मला मनापासून पटते. सीमेवरचे गाव ओस पडले, की तेथे उरते ती फक्त चौकी. गाव नांदते असेल, तर गुराखीसुद्धा पहारेकरी असतो.

बुमलाला बाहेरची गाडी सहसा नेऊ देत नाहीत. वेगळा परवाना आणि स्थानिक चालकाची गाडी घ्यावी लागते. तेथे पंधरा हजार फुटांवर उभे राहून पलीकडे पाहिले. वारा इकडून तिकडे वाहत होता. मला मात्र परतीच्या वाटेवर जांगला थांबण्याची घाई होती.

दुकान होते. आजीबाई बाहेर उन्हात बसल्या होत्या; मला त्यांनी ओळखले नाही. चहा त्यांच्या नातवाने केला. बारावी झालेला, चुणचुणीत मुलगा. मी पुण्याकडचा म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. त्याला पुण्यात शिकायला यायचे होते. महाविद्यालये, शुल्क, वसतिगृह यांची त्याने बारकाईने चौकशी केली. मग थोडा थांबून त्याने विचारले, “सर, तिकडे आम्हाला भाड्याने खोली देतात का?”

त्याच्या गावातील एका मुलाला एका मोठ्या शहरात तीन घरमालकांनी चेहरा पाहूनच परत पाठवले होते. 2014 मध्ये अरुणाचलचा एक विद्यार्थी दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला, हे त्याला ठाऊक होते. 2012 च्या ऑगस्टमध्ये अफवा उठल्या आणि ईशान्येची हजारो मुले पुणे आणि बंगळुरू सोडून रेल्वेने घरी निघाली, हे त्याने मोठ्यांकडून ऐकले होते. त्या वेळी अनेक कार्यकर्ते स्थानकांवर जाऊन मुलांना थांबा म्हणून विनवत होते, हेही खरे. पण थांबा म्हणून विनवावे लागले, याचा अर्थ आधी कोणी ‘या’ म्हटले नव्हते.

मी त्याला ‘हो, देतात’ असे सांगू शकलो नाही. ‘नाही’ म्हणायला जीभ वळली नाही. “तू ये, मी शोधून देतो,” एवढेच म्हणालो आणि माझा दूरध्वनी क्रमांक दिला. पुण्यात आल्यावर मी चौकशी सुरू केली. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला. ‘त्यांच्या खाण्याचा वास येतो,’ असे एका सुशिक्षित, भल्या गृहस्थांनी मला सांगितले. त्यांच्या दिवाणखान्यात भारतमातेचे चित्र होते. मी त्यांना दोष देत नाही. 2018 मध्ये माझ्या जिभेने जे केले, तेच त्यांच्या दाराने केले. तिसऱ्या ठिकाणी एका निवृत्त शिक्षिकेने होकार दिला. तो मुलगा आज त्यांच्या घरी राहतो. मोदक वळायला शिकला आहे, आणि बाईंना मिठाचा चहा आवडू लागला आहे, असे कळते.

आपल्यापैकी अनेकजण सुटीत गाडी काढून सीमाभागात जातात. जरूर जा. परवाने घ्या, नियम पाळा, स्मारकापाशी मस्तक टेकवा. पण तेथे बोलताना ‘इकडे भारतात’ असा शब्द तोंडात येऊ देऊ नका. आणि परत आल्यावर आपल्या इमारतीत, आपल्या वाड्यात एखादी रिकामी खोली असेल, तर तिच्याकडे एकदा पाहा. सेलाखालचा बोगदा सरकारने खोदला. तो रस्ता तवांगहून निघून कोठे पोहोचतो, हे मात्र आपल्या उंबऱ्यावर ठरणार आहे.

एवढे सांगून मी माझे भाषण संपवतो.