मालमोटारचालकाचे परदेशगमन आणि त्याचे घर

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या भिंगार येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शाळेत खडू झिजवून सेवानिवृत्त झालेल्या आमच्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाने मालमोटारीवर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु एका अंगास छावणी व दुसऱ्या अंगास पाथर्डीचा रस्ता असलेल्या भिंगारात ज्याचे आयुष्य गेले, त्यास वाहनांचे वावडे कसे असणार? आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी स्टिअरिंग हाती धरले आणि प्रपंच नेटका केला.

त्यांपैकीच एकजण गतवर्षी सपत्नीक आमच्याकडे आला. दोन लहान मुले, वडिलांचे जुने कर्ज. जर्मनीत मालमोटार चालविण्याची नोकरी देतो, असे सांगून एका दलालाने तीन लाख रुपये मागितले होते. पत्नीचे दागिने गहाण टाकावयाचे ठरले होते. “गुरुजी, जाऊ का?” एवढेच त्याने विचारले.

आम्ही प्रथम त्यास दलालापासून परावृत्त केले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये नोकरीसाठी माणसे परदेशी पाठविणाऱ्या अभिकर्त्यास सरकारी नोंदणी आवश्यक आहे, आणि ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. त्या दलालाचे नाव तेथे नव्हते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला असून, त्यातील व्यवसायांत मालमोटारचालकही आहेत. जर्मन भाषा शिकविण्याचे काम शालेय शिक्षण विभागाने अंगावर घेतले व उमेदवारांस शुल्क ठेवले नाही. करार म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हेही आम्ही त्यास बजावले.

मग तेथील कामाची माहिती काढली. आपला वाहनपरवाना तेथे वास्तव्य केल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देऊन तेथीलच परवाना घ्यावा लागतो. धंद्याची पात्रता निराळी सिद्ध करावयाची. वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने. साडेचार तास चालविल्यावर पाऊण तास विश्रांती सक्तीची, दिवसास सामान्यतः नऊच तास चालवावयाचे, आणि हे सर्व टॅकोग्राफ नावाचे यंत्र टिपून ठेवते. रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या आपल्या चालकांस हे ऐकून हेवाच वाटेल!

आम्ही समाधानाने हे सांगत होतो, तोच इतका वेळ गप्प असलेली त्याची पत्नी म्हणाली, “गुरुजी, हे चार-चार दिवस रस्त्यावर असतील. पोरीला रात्री ताप भरला, तर दवाखान्यात मी कोणत्या भाषेत बोलू?”

बंधूंनो, या प्रश्नावर आम्ही निरुत्तर झालो. चालकाच्या परवान्याची, पगाराची, विश्रांतीची चौकशी आम्ही केली. घराची मात्र केली नाही. परक्या मुलुखात चालकाचे सोबती रस्त्यावर असतात, पत्नीस शेजारीण नाही, सासू नाही, भाषा नाही. मुलांचेही तसेच. त्या राज्यात प्राथमिक शाळा चार इयत्तांची असून पुढे मुलांच्या वाटा निरनिराळ्या शाळांकडे फुटतात. पहिलीत गेलेले मूल भाषा खेळता खेळता उचलील. चौथीत गेलेल्यास तेवढी सवड कोठून मिळणार?

म्हणून आमचे सांगणे एकच आहे. परदेशी एकटा चालक जात नसतो, घर जात असते; तेव्हा तयारीही घराची हवी. आधी त्याने एकट्याने जावे, परवाना व बिऱ्हाड पक्के करावे आणि मुले लहान आहेत तोवरच त्यांस न्यावे. तोपर्यंत पत्नीने येथे भाषा शिकावी. दागिने मात्र घरीच राहू द्यावेत.

ते कुटुंब अद्याप भिंगारातच आहे. तो वर्गास जातो, आणि रात्री स्वयंपाक आटोपल्यावर ती त्याचीच वही पुढे घेऊन बसते. परवा भेटली तेव्हा “मुलीस ताप आहे” हे वाक्य तिने आम्हांस जर्मनमध्ये म्हणून दाखविले. आम्हांस त्यातील काही कळले नाही, पण डोळे भरून आले.

आपले मंडळ गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देते, ते योग्यच आहे. त्याबरोबर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांच्या पत्नींसाठी दर रविवारी भाषावर्ग भरवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्याकरिता निवृत्तिवेतनातून रुपये ५,००१ आम्ही आजच अध्यक्षांच्या हाती देत आहोत.