मध्य मुलखाचं पाणी



गोंदिया शहरातून आमगावच्या रस्त्याला लागलं, की शहर सरता सरता फुलचूर येतं. महाराष्ट्राच्या नकाशात हे गाव पार पूर्वेच्या टोकाला दिसतं. पण भारताचा नकाशा समोर घ्या, म्हणजे आपण अगदी मधोमध आहोत हे कळेल. उत्तरेला बाघ नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा, पूर्वेला छत्तीसगड. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला, त्याची राजधानी नागपूर. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, तोवर बालाघाट आणि आपण एकाच राज्यात होतो. गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ चा. सीमा अशा सरकत राहिल्या तरी वैनगंगेचं खोरं एकच राहिलं. आजही सोयरीक दोन्हीकडे होते, पोवारी बोली दोन्हीकडे ऐकू येते आणि सारस पक्षी दोन्ही काठांच्या धानाच्या बांध्यांमध्ये घरटी करतात.

या मुलखात गोंड सर्वांत जुने. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला जी यात्रा भरते, तिला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात, कारण त्यांच्या श्रद्धेचं मूळ तिथल्या गुहांमध्ये आहे. पोवार आपलं मूळ माळव्यात, धारेकडे सांगतात. कोहळी बनारसकडचे आल्याचं मानतात. हलबा, कुणबी, लोधी, मासेमारी करणारे ढीवर ही माणसंही याच मातीतली. रेल्वे आली तसे गुजराती आणि मारवाडी व्यापारी आले, आणि बिडी, तांदूळ, जंगलातला माल यांची पेठ गोंदियात उभी राहिली.

मला आज बोलायचं आहे ते तलावांबद्दल. पाऊस इथे भरपूर, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. जून-जुलैत रोपांसाठी परे टाकायचे, रोवणी करायची, आणि नेमकं धान निसवायच्या वेळी पावसानं दडी मारली, तर एका पाण्यासाठी हातचं पीक जातं. ही नड गोंड राजांच्या काळात ओळखली गेली आणि कोहळ्यांनी ती भागवली. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, वरच्या जंगलातलं पाणी अडवायचं. पाणी सोडायला तुडूम. त्याची तोंडं वेगवेगळ्या उंचीवर. आधी वरचं उघडायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. त्यामुळे पाणी बेतानं निघतं, पाळीला धक्का बसत नाही. तलावाखाली बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि बोड्यांखाली बांध्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सारा मुलूख सांगतो. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी, म्हणजे पुढे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात आलेले, तलाव आहेत. पुस्तकी शिक्षण नसलेल्या माणसांनी हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

या पाण्यावर धान आलं, आणि धानावर गोंदियाच्या राइस मिल. भाव सांगताना इथला शेतकरी आधी सरकारी आधारभूत खरेदी केंद्राचं नाव घेतो. तिथे खरेदी झालेल्या धानाची भरडाई या गिरण्यांत होते. उसना तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये धान आधी वाफवतात, मग वाळवतात. बॉयलरखाली जळतं ते त्याच धानाचं तूस. ज्यांच्याकडे शेती थोडी, त्यांना उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता हात देतात. तिरोड्याला मोठं वीज केंद्र झालं, तरी हजारो घरांचं वर्ष अजून धानाच्याच हिशेबानं चालतं.

मालगुजारी १९५१ साली संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजार गेला ते बरंच झालं. पण पाळ दुरुस्त करणं, तुडुमावर नजर ठेवणं, पाण्याची पाळी लावणं ही गावाची कामं होती, त्यांना मग धनी उरला नाही. कित्येक तलाव गाळानं भरले, कित्येकांत बेशरम नावाचं तण माजलं, शहराजवळच्या बोड्यांवर घरं उठली. फुलचूरसारख्या शहराला चिकटलेल्या गावांनी तर या बाबतीत फारच जागं राहायला हवं.

आता गाळ काढायच्या योजना येतात, ते चांगलंच आहे. मात्र मशीन लावून सगळा तलाव एकसारखा खोल केला, तर काठाचा उथळ भाग नाहीसा होतो. त्याच उथळ पाण्यात देवधान, म्हणजे जंगली भात, उगवतं, पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, सारस आणि बदकं चरतात. हे ढीवर बायकांना नीट ठाऊक आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूला काही गावांनी बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्या कामात या बायका पुढे होत्या. म्हणून माझं ग्रामपंचायतींना कळकळीचं सांगणं आहे: खोदकामाचा नकाशा आखण्यापूर्वी मच्छीमार संस्थेला आणि या बायकांना पाळीवर बोलवा, कुठे खोदायचं आणि कुठे हात लावायचा नाही ते त्यांच्याकडून समजून घ्या, आणि मगच मशीन आत उतरवा.