शंख सापडला, गोगलगाय कुठे आहे?

भूजल म्हटलं की आपला प्रश्न ठरलेला असतो : पाणी किती फुटांवर लागलं? त्या पाण्यात कुणी राहतं का, हे कुणी विचारत नाही. राहतं. माशांपासून गोगलगाईंपर्यंत बरेच जण राहतात. आजचा विषय त्यातल्या गोगलगाईंचा. एक ते तीन मिलिमीटर उंची, म्हणजे काही तर राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्याच. डोळे नाहीत, अंगावर रंग नाही, शंख जवळजवळ पारदर्शक.

स्लोव्हेनियापासून हर्जेगोव्हिनापर्यंत पसरलेले चुनखडीचे डोंगर हे यांचं मोठं माहेरघर. पण तिथेही गोगलगाय सहसा भेटत नाही, भेटतो तो शंख. पूर आला की डोंगराच्या भेगांतले रिकामे शंख झऱ्याच्या तोंडाशी वाहून येतात. संशोधक तिथली वाळू चाळतो, घरी आणून खडखडीत वाळवतो आणि पाण्यात सोडतो. वाळू तळाला बसते. शंखाच्या वेढ्यांत हवा अडकलेली असते, म्हणून तो तरंगतो. मग बारीक कुंचल्याने तो उचलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. वेढे किती, शिवण किती खोल, तोंड गोल की लांबट, कड बाहेर वळलेली आहे का... वर्णन म्हणतात ते हेच.

अडचणही इथेच आहे. अंधारात राहणाऱ्या वेगवेगळ्या घराण्यांची रूपं सारखी होत जातात आणि एकाच झऱ्यातले भाऊबंद मात्र एकमेकांसारखे दिसत नाहीत. बिथिओस्पेअम ही प्रजाती घ्या. १८८२ मध्ये बूर्गिन्या या फ्रेंच शंखतज्ज्ञाने तिला नाव दिलं. हा गृहस्थ नावं देण्यात भलताच उदार, समकालीन त्याच्यावर वैतागलेले असत. पुढे मध्य युरोपात जवळजवळ झऱ्यागणिक एक जात नोंदली गेली. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी जिवंत प्राणी मिळवून डीएनए तपासला, तेव्हा त्यातल्या कित्येक जाती एकाच जातीची रूपं निघाली. यादी आखडली.

मग रिकाम्या शंखावरून नाव देऊच नये का? नियम आड येत नाही. २००० पासून लागू असलेल्या प्राणिनामकरण संहितेनुसार नावाचा आधार असलेला नमुना ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही सांगावं लागतं. डीएनए सक्तीचा नाही. माझं मत विचाराल तर नाव द्यावं, पण तो दावा आहे हे लेखातच स्पष्ट लिहावं. कारण झरे आपल्यासाठी थांबत नाहीत. हर्जेगोव्हिनातलं पोपोवो पोल्ये हे खोरं पूर्वी दरवर्षी महिनोन्‌महिने पाण्याखाली असे. त्रेबिश्नित्सा नदीवर धरण झालं, पात्राला काँक्रीटचं अस्तर लागलं आणि तो पूर संपला. जमिनीखालच्या पाण्याची लय अशी बदलली, तर त्यातल्या निनावी जिवाची बाजू मांडणार कोण? ज्याचं नाव नाही, तो संकटग्रस्त जातींच्या यादीत बसत नाही.

भारतात भूजलातल्या जिवांना नाव मिळण्याच्या बाबतीत मासे पुढे आहेत. केरळात जांभ्यात खोदलेल्या विहिरींमधून आंधळे मासे निघतात. त्यातल्या होराग्लॅनिस या प्रजातीची पहिली जात १९५० मध्ये कोट्टयमच्या विहिरीतल्या नमुन्यावरून नोंदली गेली. २०२३ मध्ये नोंदलेल्या जातीचं नाव ‘पोप्युली’, म्हणजे लोकांची. विहिरीत मासा दिसला की कळवणाऱ्या गावकऱ्यांच्या मानाचं.

जांभा कोकणातही आहे. विहिरीचा गाळ उपसाल, तेव्हा तो बांधावर टाकण्याआधी घमेलंभर बाजूला काढा, बारीक चाळणीने धुवा आणि वाळवून पाण्यात टाका. काही तरंगलं, तर कागदाच्या पुडीत ठेवून वर विहीर, गाव आणि तारीख लिहा. गाळ ओला असतानाच काही हलताना दिसलं, तर मात्र फॉर्मलिनमध्ये घालू नका, डीएनए नासतो. त्याला अल्कोहोल लागतं, तेही शक्यतो शुद्ध.