आधी कागद, मग कापड

थंडी पडू लागली की निफाड-नाशिककडच्या शेतकऱ्याला कोटाची आठवण होते. रात्री दारं धरायची, पहाटे दूध घालायला जायचं; तिथं नुसत्या सदऱ्यावर भागत नाही. तयार कोट घ्यावा, तर छातीत बसणारा दंडात अडतो आणि दंडात बसणारा पोटावर झुलतो. कारण उघड आहे. तयार कोट ठरावीक मापांवर बेतलेला असतो, आपल्या अंगावर नव्हे.

कागदी नमुन्यांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली लहानमोठ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. घरी शिवणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण असा नमुना माप देतो, अंगाची ठेवण देत नाही. ओझी वाहणाऱ्याचा एक खांदा उतरलेला असतो, वाकून काम करणाऱ्याच्या पाठीला बाक आलेला असतो. ही ठेवण आपणच कागदावर उतरवायची आहे.

मापं दुसऱ्याकडून घ्यावीत. कोटाच्या आत जे कपडे घालणार, ते अंगात असू द्यावेत. छाती, कंबर, सीट, पाठीची रुंदी, खांदा, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठ, आणि कोपर जरा वाकवून बाही, इतकी मापं पुरेत. फीत ताणू नये. छातीच्या मापात चार ते सहा इंच सैलपणा मिळवावा. नाहीतर हात पुढं करताच कोट पाठीत आवळतो.

आता दुरुस्ती. पाठीला बाक असेल, तर पाठीच्या नमुन्याला खांद्याच्या फऱ्यांच्या रेषेत, मध्यापासून मुंढ्यापर्यंत आडवी चीर द्यावी. मध्याकडे ती पाव ते अर्धा इंच उघडावी आणि खालून कागदाची पट्टी डकवावी. एक खांदा उतरलेला असेल, तर त्या बाजूला खांद्याचं टोक तेवढंच खाली घ्यावं. मुंढ्याचा तळही तेवढाच उतरवावा, नाहीतर बाही काखेत काचते.

यानंतरही चांगल्या कापडाला लगेच कात्री लावू नका. मांजरपाटाचा किंवा जुन्या चादरीचा कोट कच्च्या टाक्यांनी शिवा, अंगात घाला आणि रोजची कामं करून पाहा. हात वर करा, वाका, मांडी घालून बसा. जिथं ओढ पडते तिथं कापड कमी आहे, जिथं झोळ येतो तिथं जास्त. टाचण्या लावून खुणा करा आणि ती दुरुस्ती लागलीच कागदावर उतरवा.

लोकरी कापड बेतण्याआधी वर ओलं फडकं घालून गरम इस्त्री द्यावी. आटायचं ते तेव्हाच आटू द्यावं. नमुन्यावरची उभ्या धाग्याची रेघ कापडाच्या काठाला समांतर ठेवावी. बाजूच्या शिवणींना इंचभर माया सोडावी, म्हणजे पुढं अंग भरलं तरी कोट वाढवता येतो. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा इंच-दीड इंच मोठा निघतो. तो कापून टाकू नये; धावदोऱ्यानं गोळा करून इस्त्रीनं जिरवावा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावंसं वाटतं. छातीचा चौथा हिस्सा, काटकोन, समांतर रेघा, हा भूमितीचाच पाठ आहे. मुलांना एकमेकांची मापं घेऊ द्या आणि जुन्या वर्तमानपत्रावर बेत काढू द्या. वहीतलं गणित त्यांना अंगावर चढलेलं दिसेल.

तयार झालेल्या नमुन्यावर नाव आणि तारीख लिहून तो गुंडाळून ठेवा. पुढच्या कोटाला उपयोगी पडेल. कागद चुकला तर वर्तमानपत्राचा दुसरा ताव घेता येतो. महागाचं कापड एकदा चुकीचं कापलं, तर त्या हिवाळ्यात कोट होत नाही.