‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कुठं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण शाळेत असताना रेडिओवर ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस’ असं आलं की आमचे बाबा विचारायचे, “त्या तुरळकात आपलं वावर येते काय?” आम्ही हसायचो. आज हवामानाचा अंदाज देणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी सॉफ्टवेअर करताना तोच प्रश्न माझ्यासमोर आहे.

तुरळक म्हणजे विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. व्याख्या पाठ असली की गुण मिळतात. परीक्षेची पहिली रचना मीच केली होती. सगळे पर्यायी प्रश्न. त्यात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा इशारा लिहायला बसला की अडायचा.

बरं, फक्त ‘किती अंदाज बरोबर आले’ हे मोजावं, तर तिथेही फसगत. १८८४मध्ये अमेरिकेत फिन्ले यांनी टोर्नेडोंचे अंदाज दिले आणि ते ९६ टक्क्यांहून जास्त बरोबर ठरल्याचं सांगितलं. गिल्बर्ट नावाच्या अभ्यासकानं दाखवून दिलं, की रोज नुसतं ‘टोर्नेडो येणार नाही’ म्हटलं असतं तर ९८ टक्के मिळाले असते! वाशीममध्येही रोज ‘अतिवृष्टी नाही’ म्हणणारा वर्षभर हुशारच ठरेल. नेमका एक दिवस सोडून.

म्हणून आम्ही परीक्षाच बदलली. आता एखादा जुना पावसाळी दिवस तासातासानं उलगडतो. उपग्रहाची चित्रं येतात, रडार येतं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जाईल का? पिवळा इशारा की नारिंगी? कारण लिहायचं. नवी माहिती आली की मत बदलायचं, आणि का बदललं तेही लिहायचं. परीक्षक शेजारी बसून हे सगळं पाहतो. विमानसेवेसाठी अंदाज देणाऱ्यांना अशी कामातली पारख जागतिक हवामान संघटनेनं डिसेंबर २०१३पासून लागू केली आहे. कारण पक्कं, पण पाऊस आलाच नाही, तर गुण द्यायचे का? आम्ही देतो. यावर भांडणं अजून चालू आहेत.

शेवटची पायरी फोनची. एकदा शेतकरी म्हणून बाबांनाच बसवलं. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न : “सोयाबीन पेरू का दम धरू?” बहुतेकांनी टक्केवारी ऐकवली. एका मुलीनं उलट विचारलं, “काका, तुमच्याकडं आजवर किती पडला? ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत थांबा म्हणतात. पुढच्या चार दिवसांत मोठा पाऊस दिसत नाही.”

बाबांनी तिला तिथंच पास केलं. बाकीच्यांना म्हणाले, पुन्हा फोन करा, मी घरीच आहे.